चौदावी ओळ

माझ्या ओळखीचे लोक हे वाचून हसतील. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून कपड्यांच्या घड्या घालायला जाणारी बाई मी. माझा विश्वास याद्यांवर. बाजाराची यादी, धोब्याची यादी, वॉर्डातल्या चादरींची यादी... जे यादीत नाही ते माझ्या लेखी नाहीच. म्हणून तर हे लिहायला मला पाच-सहा वर्षं लागली.

आपला भाग मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. मी गोंदियात एका दवाखान्यात नर्स होते, वय बेचाळीस. मोठ्या मनोरुग्णालयात काम करून आलेले एक डॉक्टर आम्हा तिघींना मनाच्या आजारांवरच्या उपचारांचं शिक्षण देत होते. वर्षाच्या शेवटी प्रत्येकीने एक पेशंट स्वतः सांभाळून अहवाल द्यायचा. त्यावर पास की नापास.

पद्धत ठरलेली होती. पेशंटच्या घरी जाऊन बसायचं. घरातलं जो कोणी जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, ओळीला नंबर द्यायचा, पुढे बोलणाऱ्याचं आद्याक्षर. पदरचं काही घालायचं नाही. आणि उठण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं — "बरोबर आहे ना?" सुरुवातीला मी वहीत डोकं खुपसून लिहायची. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आजार चेहऱ्यावर दिसतो. वहीत काय बघता?" तेव्हापासून वहीकडे न बघता लिहायची सवय केली. अक्षर वाकडं येई, पण वाचता येई.

माझा पेशंट देवाजी, सालेकशाच्या पुढच्या एका खेड्यातला. वय तिशीचं. घराणं पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. घरात तो आणि म्हातारी आई कौतिकाबाई, दोघंच. देवाजी दीड वर्षात एक शब्द बोलला नव्हता.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. पावसाळ्यात तलाव तुडुंब झाला की बांधावर राखण बसते, घरामागून घराला पाळी येते. त्या दिवशी पाळी देवाजीची होती, आणि बांध फुटला तेव्हा तो सापडला घरात. त्याच्या जागी उभा असलेला थोरला भाऊ बळीराम वाहून गेला. बांधासाठी जीव दिला म्हणून गावाने तिथे त्याच्या नावाचा दगड बसवला, शेंदूर लावला. आई रोज त्या दगडापुढे दिवा लावायची आणि घरी येऊन धाकट्याकडे पाठ करून जेवायची.

माझ्या दोन भेटी कोऱ्या गेल्या. तिसऱ्या भेटीतही तो बोलला नाही तर त्याला मनोरुग्णालयात पाठवायचं ठरलं होतं. कागद माझ्याच पिशवीत होते. तिथे गेलेलं माणूस परत आलेलं त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं.

सकाळच्या पॅसेंजरने सालेकसा, पुढे बैलगाडी. दुपारी दोनला पोचले. कौतिकाबाई ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. देवाजी खांबाला टेकून बसलेला. ओसरीवर चौथं माणूस नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे.

"आल्या का लिहिनाऱ्या बाई," म्हातारी म्हणाली. "आमचं बोलनं कोठी धाडता वं? दिल्लीले?"

"गोंदियाला."

"मंग लिहा. थोरला गेला तो देव झाला. अन हा राहिला तो दगड."

लिहिलं. कौ., ओळ तीन. मी देवाजीच्या चेहऱ्याकडे बघत होते. ओठ मिटलेले, नजर सुपावर. मी काही विचारलं की म्हातारीच बोलायची. पाऊस, बैल, सुनेशिवायचं घर. असा तासभर गेला. पिशवीतल्या कागदांचं मला ओझं व्हायला लागलं होतं.

मग नियमाप्रमाणे वाचून दाखवायला घेतलं. तेरावी ओळ — "यंदा लाखोळीत माती लय आहे." म्हातारीने मान हलवली. चौदावी मी त्याच ओघात वाचली —

"पाळी देव्याची होती. म्याच त्याले घरी धाडलं. अन मीच झोपलो."

वाचून झाल्यावर लक्षात आलं की हे मी ऐकलेलंच नाही. अक्षर माझं होतं. पुढे आद्याक्षर नव्हतं.

सुपातला हात थांबला.

"बाई..." गंजलेल्या कडीसारखा आवाज आला. "हे तुमाले कोनं सांगतलं?"

देवाजी बोलला होता.

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता?"

"मी कायले म्हनू? त्यानं मले घरी धाडलं, हे खरं आहे. माय त्याचा दगड पुजते म्हनून तोंड नाही उघडलं. पन तो झोपला होता, हे तं मलेबी मालूम नोतं."

मी म्हातारीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "'देव्या' असं त्याले बळीरामच म्हने. दुसरं कोनी नाही." सूप उचललं आणि आत गेली. दिव्याची वेळ झाली तरी बाहेर आली नाही.

परतीच्या गाडीत वही उघडली. चौदावीनंतर मी वाचायची थांबले होते. खाली आणखी एक ओळ होती, नंबर पंधरा. त्याच्याही पुढे आद्याक्षर नाही.

"मायसमोर वाचू नोको."

डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. "पेशंट पुटपुटला असेल. किंवा त्याला बरं करायच्या घाईत तुम्हीच लिहिलंत, सिस्टर." दुसरं ऐकून मी घरी येऊन रडले, कारण पदरचं घालायचं नाही हा नियम मी आयुष्यात मोडलेला नव्हता. पण 'देव्या' हे नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आणि पुटपुटला असेल, तर जे त्याला माहीत नव्हतं ते कसं पुटपुटला? शेवटी अहवालात या दोन ओळी गाळल्या. पेशंट बोलू लागला, एवढंच लिहिलं. मी पास झाले. मनोरुग्णालयाचे कागद फाडले.

दोन महिन्यांनी देवाजी दवाखान्यात आला. अंगात स्वच्छ सदरा, मागे आई.

"बाई, आता हिले बोलतं करा," तो म्हणाला. "त्या दिवसापासून दगडापाशी जात नाही. बोलत नाही. मी भरवतो तवा खाते."

तेव्हापासून दर महिन्याला तो तिला पॅसेंजरने घेऊन येतो. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत लिहिते, तासभर. देवाजी बोलत असतो — धानाचं, बैलांचं, नव्या बांधाचं. सातवी वही चालू आहे. ते दोघं गेले की मी दार लावून शेवटच्या पानावर बोट ठेवते आणि खालून वर ओळी तपासते. प्रत्येक ओळीपुढे दे. आहे.

त्या दोन ओळी कुणाच्या होत्या, मला आजही सांगता येत नाही. तशा ओळी पुन्हा माझ्या हातून लिहिल्या जाऊ नयेत म्हणून मी वर्षभर देवाला हात जोडले होते. आता महिन्यातून एकदा पेन्सिलीला टोक काढते, म्हातारीसमोर बसते, आणि एका रिकाम्या आद्याक्षराची वाट बघते. ते येत नाही.