पालखीच्या वाटेतला नारळ

शिमग्याची पालखी गल्लीत शिरली आणि मी शहाणीने आतून कडी लावून घेतली! ऐंशीनंतरचं कुठलंसं साल, माझा रत्नागिरीतला पहिला शिमगा. घाटावरून आलेली मी, धीट म्हणून मिरवणारी.

सासूबाईंनी देवीच्या ओटीचं ताट माझ्याकडे सोपवलं होतं. खिडकीतून पाहते, तर मोहल्ल्यातला एक दाढीवाला, डोक्यावर जाळीची टोपी, वाटेच्या मधोमध उभा. हातातला नारळ सारखा तोलत होता. वाटलं, आता पालखीवर भिरकावणार!

"पळा, मारामारी!" मी ओरडले नि कडी घातली. पण मेलं कुतूहल! फटीला डोळा लावलाच. त्याने चपला कुंपणाच्या दगडी गडग्याशी काढल्या, नारळ बाहीने पुसला आणि पालखीपुढे धरला. दरवर्षीचा त्याचा मान तो. गुरवाने गाऱ्हाण्यात त्याच्या लेकराबाळांचंही भलं मागितलं.

माझं बंद दार पाहून पालखी पुढे निघाली. पहिल्याच वर्षी देवी दारावरून परत जाणार! तेवढ्यात त्यानेच हात आडवा घालून ती थांबवली आणि माझं दार वाजवलं.

"वहिनी, भांडण उद्या करू. आज देवी खोळंबलीय, कडी काढा."