पैंजणाचा हात

हुपरीच्या बाळाप्पांनी आयुष्यभर पैंजणांना पॉलिश केलं. गावात पॉलिशवाले पैशाला पासरी, पण लग्नातले पैंजण असले की व्यापारी बाळाप्पांचंच दार ठोठावायचे. त्यांच्या हातचा दागिना पायाला कधी टोचत नसे. याचा त्यांना अंमळ जास्तच अभिमान होता.

सन अठ्ठ्याण्णव. लेक विद्याश्री कोल्हापुरात कॉलेजला होती आणि तिथल्या एका रायफल क्लबात नेमबाजी करायची. तिच्या वाट्याला नवी रायफल आली, पण कारखान्यातून आलेला चाप खरखरीत. ओढताना मध्येच अडखळायचा, नेम ढळायचा. जिल्ह्याची निवड तीन आठवड्यांवर आलेली.

"अप्पा, तुमी एकदा हात फिरवून बघा की."

क्लबच्या बंदुका सांभाळणारे माजी फौजी हंबीरराव आधी नाही म्हणाले, मग विरघळले. चापाच्या आत दोन पोलादी तुकडे एकमेकांवर अडकलेले असतात; चाप ओढला की एक निसटतो आणि गोळी सुटते. बाळाप्पांनी क्लबातच बसून ते तुकडे लखलखीत केले. चाप लोण्यासारखा झाला. पोरीचे गुण वाढले आणि बाळाप्पांनी हुपरीच्या स्टँडवर भेटेल त्याला ते ऐकवलं.

निवडीच्या चार दिवस आधी विद्याश्रीनं गोळी भरून बोल्ट बंद केला आणि रायफल आपोआप उडाली. नळी समोरच होती म्हणून गोळी मातीच्या बांधात गेली. सेक्रेटरी गणपतराव तडक आले.

"बोट चापावर आत हुतं तुझं! असल्या पोरीला मी निवडीला सोडणार न्हाय."

"बोट भाईर हुतं," ती तीनदा म्हणाली. चौथ्यांदा दरडावल्यावर म्हणाली, "आसंल बी आत."

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा ते "आसंल बी" बाळाप्पांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लब गाठला, हंबीररावांकडून रायफल उघडून घेतली आणि डोळ्याला भिंग लावलं. जिथं तुकडा तुकड्यावर अडतो, ती कड गोल झाली होती. टोचू नये म्हणून कड मारायची, ही हाताची जन्माची खोड. इथं कड टोकदारच हवी, हे हाताला कोण सांगणार? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हंबीररावांची नजर अधू होती. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता.

"पोरीचं बोट भाईरच हुतं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "चूक माझी हाय. मी कड मारली."

गणपतराव जे बोलायचं ते सगळं बोलले. विद्याश्रीला निवडीला सोडलं, पण कारखान्याचे नवे तुकडे घातलेल्या, पुन्हा खरखरणाऱ्या चापानं ती दोन गुणांनी राहिली. परतीच्या एसटीत बाळाप्पा लेकीशेजारची जागा सोडून मागच्या बाकावर जाऊन बसले.

महिन्याभरानं तीच म्हणाली, "अप्पा, परत करा. कड राखून करा."

या वेळी बाळाप्पांनी आठ दिवस घेतले. हंबीररावांनी रिकामी रायफल लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी ठोकून पाहिली. चाप सुटला नाही. तरी पहिली गोळी कोण मारणार म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मी मारतो," बाळाप्पा पुढं झाले. बंदूक धरायची कशी, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तोवर विद्याश्री चटईवर पालथी पडून गोळी भरत होती.