दगडी ड्यूकचं नाक

युरा क्रेहुत आमच्या गावात बिअरची पिंपं बनवायचा. त्याचं घर आमच्या घराला लागून. मी खोगिरं शिवायचो, तो दिवसभर पिंपांवर लोखंडी कड्या ठोकायचा.

आमचं संस्थान एवढंसं. सिलेशियाच्या नकाशावर अंगठा ठेवला की झाकलं जाईल. पण घराणं जुनं, पोलंडच्या पियास्त राजांचं. शेवटचा ड्यूक परमुलखातल्या लढाईत वारला आणि शिशाच्या बंद पेटीतून घरी आला. मागे त्याच्या बहिणीनं राज्य सांभाळलं. तीही निपुत्रिक गेली, तेव्हा संस्थान व्हिएन्नाच्या सम्राटाकडे गेलं आणि किल्ल्यावर लाइत्नर नावाचा कारभारी आला.

देवळात त्या ड्यूकच्या थडग्यावर त्याचा दगडी पुतळा निजलेला आहे. बाकदार नाक, हनुवटीला खळी. पहिल्याच रविवारी लाइत्नर पुतळ्यापाशी थांबला, मग वळून बाकावरच्या युराकडे बघत राहिला. युराचं नाक तेच, खळी तीच. आम्ही इतकी वर्षं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी गुत्त्यात तोमान विणकरानं उठून मुजरा केला. "या सरकार! आमचा कर माफ करा की!"

"तुझं तोंड बंद ठेव, तेवढी माफी पुरे," युरा हसत म्हणाला. सगळेच हसले.

पुढल्या आठवड्यात किल्ल्यानं पिंपं घेणं बंद केलं. गुत्त्याच्या कोपऱ्यात एक परका माणूस बसायला लागला, पेला तसाच भरलेला. तोमान आता युराच्या बाकावर बसेना. उलट एका म्हातारीनं बाजारात युराच्या हाताचं चुंबन घेतलं, तेव्हा तर तो पांढराफटक पडला.

त्याची आई दोरोता तरुणपणी किल्ल्यावर कपडे धुवायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, युरालाही. शेवटी त्यानं विचारलंच. भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं.

"आई, मी कुणाचा?"

"लाज नाही वाटत? मातिसचा! तू अंगावर पीत होतास तेव्हा गेला बिचारा."

"मग तो पुतळा?"

"अरे, पेटी बंद होती. पाथरवटानं ड्यूकचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. तो आपल्याकडेच उतरलेला. तुझ्या बापाला घडाभर बिअर पाजली, दाढी काढायला लावली आणि फळीवर निजवलं. तेच तोंड कोरलं त्यानं."

हेच तिनं लाइत्नरसमोर शपथेवर सांगितलं.

"पाथरवट कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"मेला, साहेब."

"आणि नवरा?"

"तोही."

"सगळेच सोयीनं मेले म्हणायचे," लाइत्नर म्हणाला. त्यानं तिला सोडलं, पण दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून पुतळ्याचं नाक फोडून घेतलं. तिथंच सगळं बिघडलं. खोटं असतं तर नाक कशाला फोडलं, असं आता गाव म्हणायला लागलं. युराची बायको हांकासुद्धा जेवताना त्याच्याकडे टक लावून बघायची.

दोरोता हिवाळ्यात वारली. तिला पुरून युरा बिऱ्हाड घेऊन डोंगरापलीकडे मोराव्हियात गेला. तिथं तो कोबी आंबवायची पिंपं करायचा. पोट भरत होतं, कुणी मुजरा करत नव्हतं.

खोगिरं विकायला गेलो की मी त्याच्याकडे उतरायचो. एकदा हांका बाहेर गेल्यावर त्यानं हातोडी खाली ठेवली.

"तू माझ्याहून मोठा. माझा बाप पाहिलायस ना? कसा होता दिसायला?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. "दाढी होती रे. छातीपर्यंत. मी कायम दाढीतच पाहिला त्याला."

"कायम? दाढी काढलेला एकदाही नाही?"

"मला आठवतं तसं सांगतोय. मीही लहानच होतो."

तो मला निरखून बघायला लागला. मी खरं बोलतोय की लाइत्नरनं मला पाठवलंय, हेच चाचपत असावा. मग हातोडी उचलून तो पुन्हा कडी ठोकायला लागला.