आबांच्या डब्यातली हार्ड डिस्क

माझ्या जिभेला धार आहे असं माहेरी आणि सासरी एकमताने म्हणतात. या एका बाबतीत दोन्ही घरांचं पटतं. पण त्या जिभेने एकदा एका माणसाची बावीस वर्षं वाचवली, हे सांगायची वेळ आली की सगळ्यांना दुसरी कामं आठवतात. म्हणून मीच सांगते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारामती एमआयडीसीत गाईंच्या पैदाशीचं एक छोटं केंद्र होतं. तिथं मी कॉम्प्युटरवर बसायची. निमगाव केतकीहून एसटीने यायचं, एसटीनेच परत जायचं. केंद्राचे प्रमुख जनावरांचे डॉक्टर होते. पणदऱ्यापासून इंदापूरपर्यंत गोठे पालथे घालून त्यांनी बावीस वर्षं वह्या लिहिल्या होत्या. कोणत्या गाईला कोणत्या वळूचं बीज दिलं, कालवड कधी झाली, ती पुढं कशी निघाली. एकाच वळूचं रक्त त्याच घराण्यात पुन्हा जाऊ नये, म्हणून ही सगळी खटपट. दोन वर्षं खपून मी त्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. प्रत्येक गाईचं तिच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबराने एक कार्ड, आणि कार्डाला तिचा फोटो स्कॅन करून जोडलेला.

काम संपलं आणि त्याच पावसाळ्यात वह्यांच्या कपाटाला वाळवी लागली. कपाट उघडलं तेव्हा हातात मातीच आली. डॉक्टर माझ्या टेबलाजवळ येऊन कॉम्प्युटरकडे बघत नुसते उभे राहिले. आता त्यांची बावीस वर्षं एका हार्ड डिस्कवर होती आणि तीही माझ्या भरवशावर. मला खरोखरच धास्ती बसली.

मी नवीन डिस्क मागितली तेव्हा पुण्याहून इंजिनिअर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याने ‘रेड’ नावाची व्यवस्था सुचवली. एकसारख्या दोन डिस्क जोडायच्या, एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटणार. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू.

“दोन्ही एकाच खोक्यात?” मी विचारलं.

“अर्थात.”

“आणि मी काही चुकीचं पुसलं तर?”

“तर ते दोन्हीकडचं पुसलं जाईल. पण मॅडम, पुसायचंच कशाला?”

मला हवी होती एकच, पण मोठी डिस्क. आमच्या सगळ्या कार्डांच्या चार प्रती मावतील एवढी, आणि ड्रॉवरसारखी बाहेर ओढून काढता येईल अशी. दर शनिवारी पूर्ण प्रत काढायची, मागच्या तीन शनिवारच्या प्रती तशाच ठेवायच्या, आणि डिस्क घेऊन घरी जायचं. जागा भरली की सगळ्यांत जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी.

इंजिनिअर हसला. “हार्ड डिस्क एसटीत घेऊन फिरणार तुम्ही?”

“माणसं फिरतात की,” मी म्हटलं. “आणि ती पोचतातसुद्धा.”

माझी अक्कल कॉम्प्युटरच्या क्लासातली नव्हती, ती माझ्या वडिलांची होती. आबांनी उभी तरणी वर्षं मेंढरांमागे काढली, शेती नंतरची. ते कळप कधीच एका जागी बसवत नसत. अर्धी मेंढरं स्वतःजवळ, अर्धी चुलत्यांकडे नीरा नदीच्या पलीकडे. लोक हसायचे, दुप्पट राखण करतोय म्हणायचे. एका वर्षी रोग आला आणि आबांजवळची मेंढरं आठवड्यात गेली. पलीकडची वाचली. त्या वाचलेल्या अर्ध्यांतून आमचं घर पुन्हा उभं राहिलं, आणि मी शिकले तीही त्यांच्याच जिवावर.

हे सगळं मी डॉक्टरांसमोर जरा तावातावानेच सांगितलं. दोन्हींपैकी एकच गोष्ट मंजूर होणार होती. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बावीस वर्षं माझी आहेत. मी हिच्यावर सोडतो.” इंजिनिअरने खांदे उडवले. मोठी डिस्क आली.

पहिल्या शनिवारी घरी नेली तर आबा ती घोंगडीत गुंडाळायला निघाले. लोकरीने ठिणगी उडते, डिस्क मरेल, असं सांगून मी घोंगडी काढून घेतली. त्यांना ते अजिबात पटलं नाही, पण त्यांनी जुनं सुती धोतर फाडलं आणि डिस्क कंपनीच्या चंदेरी पिशवीसकट गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली. डब्याला कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. मलासुद्धा शनिवारी सकाळी ती मागून घ्यावी लागायची.

आता माझी चूक सांगते. कॉम्प्युटरची आतली डिस्क भरत आली म्हणून एका सोमवारी मी मेलेल्या गाईंची कार्डं काढून टाकायची ठरवली. कालवडीच्या कार्डावर आई-आजीची माहिती असायचीच, मग गेलेल्या गाईचं वेगळं कार्ड कशाला? मेलेल्या गाईंच्या बिल्ल्यांचे नंबर दिले आणि त्या नंबरांची सगळी कार्डं एका फटक्यात पुसली. जागा मोकळी झाली. मी खूश.

चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी पणदऱ्याचे एक तात्या गाय दाखवायला आले. बीज द्यायच्या आधी डॉक्टरांनी तिचं कार्ड मागितलं. कार्ड नव्हतं.

“तात्या, या गाईच्या कानातला हा बिल्ला कधीचा?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिच्या आईचा हाय त्यो. आई गेली, मग लेकीला दिला. चांगल्या गाईचा बिल्ला टाकून देत्यात व्हय कुणी?”

आमच्याकडची ही रीतच होती. आई मेली की तिची घंटा लेकीच्या गळ्यात, तसा बिल्लाही लेकीच्या कानात. आणि तोही उगाच कुणाचा नाही, गोठ्यातल्या सगळ्यांत गुणी गाईचा. मी मेलेल्या आयांचे नंबर पुसले होते, त्यांच्याबरोबर जिवंत लेकी गेल्या होत्या. नेमकी उत्तमातली उत्तम घराणी मी माझ्या हाताने साफ केली होती.

“माझी चूक आहे,” मी म्हटलं. डॉक्टर खाली बसले. त्यांचा चेहरा वाळवीच्या दिवशीसारखा झाला होता, आणि ते मला बघवेना.

मग मी बोटं मोजली. पुसलं त्या सोमवारच्या आधीचा शनिवार, आणि नंतरचे तीन. डब्यात चार प्रती होत्या, त्यांतली सगळ्यांत जुनी अजून धडधाकट होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी स्वतः तीच पुसून नवी काढणार होते.

निमगावात आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. आबांना बोलावून घेतलं. “डबा घेऊन या,” एवढंच सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

दुपारी ते एमआयडीसीच्या फाट्यावर उतरून चालत आले. पटका बांधलेला, डबा छातीशी. कंडक्टरने वर ठेवा म्हटलं तर ते त्याच्यावर डाफरले होते. कुलूप काढलं, धोतर सोडलं, डिस्क माझ्या हातात दिली. मी ड्रॉवर आत सरकवला आणि जुनी प्रत उघडली. पणदऱ्याच्या तात्यांची गाय पडद्यावर आली, कपाळावरच्या चांदासकट. तिच्यामागे तिची आई, आजी, सगळं घराणं.

“सापडली व्हय?” तात्या म्हणाले. “मला वाटलं, आता माझ्या गाईला बाप न्हाय.”

डॉक्टर हसता हसता रडले. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे इंजिनिअरला फोन लावला आणि सगळी हकिकत ऐकवली. तो बिचारा ऐकून घेऊन म्हणाला, “रेड असती तर दोन्हीकडून गेलं असतं, मॅडम.” हे त्याच्या तोंडून ऐकायला मला फार गोड वाटलं. खोटं कशाला बोलू?

गेलेली कार्डं परत चढवून संपेपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी आबांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं. समोर चहा आणि खारी. आबांनी विचारलं, “आता ह्या खोक्यात समदं आलं?”

“आलं, आबा.”

“आणि डब्यातलंबी हितंच हाय?”

“हो.”

आबांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून डबा काखेत मारला. “मग दे ती इकडं. दोनी कळप एका जागी झाल्यात. सहाची एसटी धरतो मी.”

डॉक्टर त्यांना सोडायला फाट्यापर्यंत चालत गेले.