थांबाकाकांचा कॅल्क्युलेटर

कुकर गॅसवर चढला की आमच्या शेजारचे थांबाकाका घराबाहेर येऊन फाटकापाशी उभे राहायचे. काकूंनी आतून "झालं, या आता" असा आवाज दिल्याशिवाय पाऊल आत टाकायचे नाहीत. आमच्या रिसाली वस्तीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, नवरा-बायकोचं वाजलं असणार. तसं काही नव्हतं. शिट्टी अडकली तर काय होईल, हा विचार त्यांच्या डोक्यात एकदा शिरला होता आणि तो बाहेर निघायला तयार नव्हता. पावसाळ्यात ते छत्री घेऊन उभे राहत.

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. रस्ता ओलांडताना, बल्ब बदलताना, इतकंच काय गणपतीच्या आरतीला कापूर पेटवतानाही त्यांच्या तोंडून आधी "थांबा" निघायचं. पोरांनी त्यावरून नाव पाडलं आणि पुढे काकूही त्यांना त्याच नावाने चिडवू लागल्या. काका ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांच्या नकाशातली प्रत्येक भिंत गरजेपेक्षा जाड असायची, असं माझे बाबा सांगायचे. बाबा वेल्डर. आजोबा गोंदियाकडची शेती सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, तेव्हापासून आमच्या घरात लोखंडाबद्दल वाकडं बोललेलं खपत नाही. या दोघांचं जमायचं कसं, हे मला कधी कळलं नाही. पण संध्याकाळचा चहा ते रोज एकत्र घ्यायचे.

मी कॉलेजच्या रॉकेट क्लबात गेले आणि थांबाकाकांची झोप उडाली. आमचं सगळं सामान आमच्या मागच्या अंगणात पसरलेलं असायचं, आणि ते अंगण आणि काकांचं अंगण यांच्यात छातीएवढी भिंत. रॉकेटची मोटर म्हणजे समजायला सोपी गोष्ट आहे. एक मजबूत नळी, आत इंधन, एक तोंड बंद, दुसरं तोंड अरुंद. इंधन पेटलं की गॅस त्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडतो. नळी किंवा तिचं झाकण आतला दाब सोसू शकलं नाही, तर मग ते रॉकेट राहत नाही, त्याचा बॉम्ब होतो. हा दाब किती होईल ते सांगणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट मिळतात. मापं भरायची, बटण दाबायचं. आमच्या क्लबचा म्होरक्या विवेक याने असाच एक उतरवून घेतला होता. मापं भरली की त्यात हिरवा रंग यायचा आणि आम्ही टाळ्या द्यायचो.

काकांनी भिंतीवरून विचारलं, हिरवा म्हणजे काय. विवेक म्हणाला, "मतलब सेफ है, काका."

"कोण म्हणते?"

"कॅल्क्युलेटर."

"आन् त्याले कोणं सांगतलं?"

विवेकने ज्या साइटवरून तो उतरवला होता तिचं नाव वाचून दाखवलं. काका घरात गेले, आणि त्यानंतर कित्येक आठवडे ते अंगणात दिसलेच नाहीत. काकू सांगायच्या, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून राहिले आहेत, जेवण थंड होते. दाब, तापमान, धातूची ताकद असं सगळं त्यांनी मुळापासून पुन्हा शिकून घेतलं, आणि एक दिवस मला बोलावून स्वतः तयार केलेला कॅल्क्युलेटर दाखवला. तो इंग्रजीत नव्हता, मराठीत होता. त्यात हिरवा रंग कुठेच नव्हता.

तो आधी दाब विचारायचाच नाही. पहिला प्रश्न यायचा, पेटवणार कोण. दुसरा, तो कोणाचा मुलगा किंवा मुलगी. तिसरा, बाकीचे कुठे उभे राहणार. ही उत्तरं भरल्याशिवाय पुढचे रकाने उघडायचेच नाहीत. शेवटी उत्तर दोनच प्रकारचं. एक, "फुटेल." दुसरं, "कदाचित फुटणार नाही. तरी लांब राहा." विवेक वैतागून म्हणाला होता, "काका, ये सॉफ्टवेअर है या दादी?" काका हसले नाहीत. "आकडा पाह्यला का माणूस जवळ जाते," ते मला म्हणाले. "मले दाबाची भीती नाही लागत, पोरी. आकड्याची लागते."

आम्ही त्यांची थट्टा करायचो, पण दोन्ही कॅल्क्युलेटर चालवायचो. कागदाच्या नळीच्या आमच्या लहान मोटरी त्यांच्या "कदाचित"वर उडाल्याही. हळूहळू ती भीती मलाही चिकटली. रात्रीची झोप ठीक होती, पण प्रत्येक चाचणीच्या आधी मी तारा दोनदोनदा तपासायला लागले. काकांना लहानपणी काही झालं होतं का, असं मी एकदा काकूंना विचारलं. काही दुखरी आठवण निघेल असं मला वाटलं होतं. काकू तांदूळ निवडत म्हणाल्या, "काई नाही झालं ना. आमच्या घरी आजवर काहीच नाही झालं. म्हून तर भेतेत."

मग मोठ्या मोटरचं ठरलं आणि बाबा मध्ये पडले. विवेक ॲल्युमिनियमची नळी मागवणार होता. "भिलाईत राहून ॲल्युमिनियम?" असं बाबांनी ज्या सुरात विचारलं, त्यानंतर विषयच संपला. जवळच्या सुपेला बाजारातल्या एका वर्कशॉपमधून त्यांनी स्टीलची नळी आणली आणि तिच्या एका तोंडाला झाकण म्हणून जाड चकती स्वतः वेल्ड केली. काकांचं म्हणणं पडलं की लोखंड ताकदवान आहे हे खरं, पण फुटलं की त्याचे तुकडे जीव घेतात. कागद निदान फाटतो. बाबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वेल्ड मात्र फार देखणं झालं होतं. जोडावर गोठलेल्या धातूचे खवले एकसारखे, कुठे खोट नाही. मी आणि आईने ते वाटीतल्या श्रीखंडासारखं पुन्हापुन्हा पाहिलं.

काकांच्या कॅल्क्युलेटरमध्ये एक रकाना होता: "जोडावर किती भरवसा?" नळी कितीही दणकट असो, झाकणाचा जोड कच्चा असेल तर तिथूनच जाणार, म्हणून हा रकाना. काका त्यात नेहमीच्या सवयीने सत्तर टक्के भरायचे. बाबांच्या देखत त्यांनी सत्तर भरले आणि उत्तर आलं, "फुटेल."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मंजे माह्यं वेल्डिंग सत्तर टक्के," आणि उठून आले. दुसऱ्या दिवशी चहाला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. काकूंनी पाठवलेल्या वड्यांचं ताट आईने रिकामंच परत केलं, जे आमच्यात कुणी करत नाही. ताट परत जाताना त्यात चिमूटभर साखर तरी असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सगळे हळू आवाजात बोलू लागले. ती मोटर माझ्यासाठी बनत होती आणि तिच्यापायी दोन घरं तुटत होती, याचं मला फार वाईट वाटायचं.

आठवडाभरात काका स्वतःच आमच्या दाराशी आले. लॅपटॉप छातीशी धरलेला. म्हणाले, पुन्हा हिशोब केला, चालते. पडद्यावर खरोखरच लिहिलं होतं, "कदाचित फुटणार नाही. तरी लांब राहा." बाबांचा चेहरा असा खुलला की त्यांनी लगेच गाडी काढून जिलेबी आणली. काकांनी आपली जिलेबी हातात घेतली आणि नंतर खातो म्हणून कागदात गुंडाळून घरी नेली.

चाचणी उतई गावाजवळ, विवेकच्या मामांच्या शेतात होती. धान कापून झालेलं, नुसती धसकटं उरलेली. रॉकेट उडवायचं नव्हतं, मोटर जमिनीवर पक्की बांधून नुसती पेटवून पाहायची होती. आम्ही सगळे लांबच्या उंच बांधामागे. एरवी कुठल्याच चाचणीला न येणारे काका त्या दिवशी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून आले होते. वाटभर त्यांनी बाबांचा शर्ट धरून ठेवला होता, असं बाबा हसत सांगत होते.

तारा जोडून झाल्या आणि बाबा बांधाकडे आलेच नाहीत. अर्ध्या वाटेवर एक बाभूळ होती, तिच्या आडोशाला ते उभे राहिले. तिथून चकती दिसत होती. स्वतःचं वेल्ड दाब सोसताना त्यांना पाहायचं होतं. विवेकने हाका मारल्या, मी मारल्या. त्यांनी हात हलवून, चालू करा, असं सांगितलं. झाड आहे ना मध्ये, असं विवेक म्हणाला. झाड होतं, पण बाबा पाहण्यासाठी त्याच्या बाहेर झुकलेले होते. बटण माझ्या हातात होतं आणि मी ते दाबत नव्हते. कॅल्क्युलेटरने "कदाचित नाही" म्हटलं होतं. काकांच्या कॅल्क्युलेटरने. मग मी का भीत होते?

काका बांधावरून उतरले. घाईघाईने, धसकटांत अडखळत ते बाबांपर्यंत गेले. मला वाटलं आता ते "थांबा" म्हणतील, दाब समजावतील, वाद होईल. त्यातलं काहीच झालं नाही. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. वारा आमच्या दिशेने होता, त्यामुळे ऐकू आलं.

"भाऊ, मले लई भेव लागून राह्यलं. मी एकटा नाही बसू शकत तिथं. तुमी चला ना माह्यासंगं."

बाबांचा हात त्यांनी सोडला नाही. बाबांनी एकदा मोटरकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि लहान मुलाला शाळेत सोडायला निघावं तसं त्यांना धरून बांधामागे आणलं. येताना आम्हाला डोळा मारला. मी बटण दाबलं.

सुरुवातीला नुसता फुत्कार, मग धूर, मग तो आवाज. तो आवाज मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. डोकं वर काढलं तेव्हा नळी जागेवर होती आणि चकती नव्हती. बाभळीची एक फांदी, बाबांच्या खांद्याच्या उंचीवरची, बुंध्यापासून उडाली होती. चकती कुठे गेली ते शोधायला कुणी उठलं नाही. बाबा त्या फांदीच्या जागेकडे बघत खाली बसले.

सगळ्यांच्या आधी काका बोलले. धूर अजून विरला नव्हता.

"माह्यी चूक हाय, भाऊ. वेल्डाच्या रकान्यात मी शंभर टाकले. तुमाले वाईट वाटू नये म्हून."

बाबा बांधावरचं गवत उपटत राहिले. मला वाटलं, आता हे दोघं आयुष्यात पुन्हा बोलणार नाहीत. मग बाबांनी विचारलं, "आता किती टाकान?"

"साठ," काका म्हणाले.

"पन्नास टाका," बाबा म्हणाले.

परतताना काका स्कूटरवर बसायला तयार नव्हते. बाबा त्यांच्यासोबत उतईपर्यंत पायी चालले आणि तिथून दोघं बसने आले. त्या संध्याकाळी चहा आमच्याकडे झाला. पण काका पूर्वीसारखे राहिले नाहीत. आजवर ते जगाला भीत होते, त्यानंतर स्वतःच्या भिडस्तपणाला भिऊ लागले. कुणी साधं "बरं आहे ना?" विचारलं तरी उत्तर द्यायला वेळ घ्यायचे, जणू तोंडून खोटं निघून जाईल. कॅल्क्युलेटर त्यांनी माझ्या हवाली केला आणि काकूंना घेऊन रायपूरला मुलीकडे राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "याच्यात कोणाचं मन राखू नको, पोरी." पुढच्या हिवाळ्यात ते तिथेच झोपेत गेले. बाबा म्हणाले, बरं झालं, भ्यायलाही वेळ मिळाला नाही. म्हणाले, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ बसले.

तो कॅल्क्युलेटर आता बऱ्याच कॉलेजांतली मुलं वापरतात. हिंदी मी केलं, इंग्रजी विवेकने. परवा एका मुलीचा फोन आला. तिची तक्रार रास्त होती. जोडाच्या रकान्यात पन्नासच्या वर आकडा भरताच येत नाही, पुस्तकात तर बरंच जास्त दिलं आहे, ही चूक दुरुस्त कराल का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, ती चूक नाही, तसंच राहू दे. तिला कारण हवं होतं. खिडकीतून अंगण दिसत होतं. बाबा दोरीवरचे वाळलेले कपडे काढून खांद्यावर टाकत होते. त्या खांद्याकडे पाहत मी तिला विचारलं, "तुमच्यात पेटवणार कोण? आणि बाकीचे कुठे उभे राहणार?"