भडक्याची लेक आणि सहा आठवड्यांचा पाव

गल्लीत त्याला सगळे भडका म्हणत, आणि ते काही उगाच नाही. पावाच्या भट्टीसमोर वीस वर्षं काढून त्याचं डोकंही कायमचं तापलेलं. ओलं पीठ आणून टाकलं म्हणून एका गाडीवाल्याचे त्याने दोन दात पाडले होते. पाव शिळा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पायरीवरून असं ढकललं, की बिचाऱ्याचा खुबाच मोडला. वर म्हणतो कसा, "माझ्या पावाला नाव ठेवायचं काम नाही!"

पण त्याच पावाचं त्याच्याच लेकीशी जमेना. पोरगी नऊ वर्षांची, दिसायची पाचाची. हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं फुगलेलं. दर वाढदिवसाला भडका तिला भट्टीच्या खोलीच्या दाराला उभी करून चौकटीवर कोळशाने रेघ ओढायचा. गेल्या तीन वर्षांच्या रेघा जवळजवळ एकीवर एक बसल्या होत्या. त्या दिसल्या की त्याच्या काळजात चर्र व्हायचं. आणि भीती वाटली की या माणसाला रागच यायचा, दुसरं काही येतच नव्हतं. मग पोरीचा जबडा धरून तो पाव कोंबायचा. ती ओकली की मुस्काटात द्यायचा, आणि पुन्हा पाव.

शाळेत उंची मोजायला आलेल्या नर्सने पोरीला इस्पितळात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढ खुंटलीय हिची. काही मुलांच्या आतड्यांना गहू सोसत नाही. रक्त तपासून घेऊ."

झालं! भडक्याने समोरची खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. "गहू सोसत नाही? अहो, अख्खी गल्ली पोसलीय माझ्या पावावर!" आणि पोरीला दंडाला धरून फरफटत घरी आणलं.

बायको वाद घालत बसली नाही. "तुम्ही भट्टी बघा, हिला मी भरवते," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या ताटात भात आणि बटाटा, आणि पाव कुंपणावरून शेजारणीच्या कोंबड्यांना. सहा महिन्यांत कोंबड्या अशा टरारल्या, की शेजारीण स्वतःच्याच हातगुणाचं कौतुक करू लागली.

इकडे नर्स काही पिच्छा सोडेना. शेवटी भडका वैतागला. "काढा रक्त! होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!" रक्त काढलं. कोंबड्यांची गोष्ट नवऱ्याच्या कानावर जाईल, या धाकाने बायकोने डॉक्टरीणबाईंनाही काही सांगितलं नाही. रिपोर्ट आला, दोष काही नाही.

भडका तो कागद नाचवतच भट्टीच्या खोलीत शिरला. गरम पाव उचलला, लेकीला ओढून समोर बसवलं. "खा! बघतोच आता कसा सोसत नाही ते!" पोरीने ओठ मिटले. त्याने जबडा दाबला, ती कडकडून चावली. त्याने असा रट्टा ठेवून दिला, की पोरगी पीठ मळायच्या काथवटीच्या कडेवर जाऊन आदळली. ओठ फाटला आणि रक्त पिठात टपकू लागलं.

बायकोने भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर घातलं. हाड कडकन मोडलं. तो खाली बसला, तसा तिने आणखी एक घाव खांद्यावर घातला.

"उचल ना हात! आता उचल, मुडद्या!" जन्मात पहिल्यांदा ती नवऱ्याला अरेतुरे करत होती. "सहा महिने तुझ्या पावाचा कण नाही तिच्या पोटात. म्हणून चांगलं आलं रक्त! ये, बघ इकडे!"

गचांडी धरून तिने त्याला दारामागे नेलं. तिथे तिने पेन्सिलीने चोरून रेघा ओढल्या होत्या. सगळ्यांत वरची रेघ कोळशाच्या रेघांहून चांगली दोन बोटं वर होती. भडका बघतच राहिला. मोडका हात लोंबत होता, त्याचंही त्याला भान नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आधी बायकोला झापलं. "गहू बंद केला असेल तर ही तपासणी फसते. तेव्हाच सांगायचं होतं. आता पुन्हा करायची, तर आधी सहा आठवडे तिने रोज पाव खायला हवा."

"रोज? अहो, त्रास होईल तिला!" भडका कळवळून म्हणाला.

बाई म्हणाल्या, "होईल. पण आयुष्यभराचं पथ्य नुसत्या अंदाजाने लावता येत नाही."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "माझ्याच्याने नाही व्हायचं ते. तुम्ही भरवा. तुम्हाला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेकीसमोर बसला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने त्याने पावाचा अगदी लहानसा तुकडा मोडला. आपल्याच पावाची त्याला किळस आली. "बाळा, थोडाच आहे गं," असं मनातल्या मनात म्हणत त्याने घास द्यायला हात उचलला.

तशी पोरीने डोळे गच्च मिटले, दोन्ही हातांनी गाल झाकले आणि मुकाट्याने तोंड उघडलं.