दाराला चिंचोक्याची खळ

आमचा धंदा बाथरूमच्या दारांचा. तेर गावच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, त्यात दाराचा साचा. साच्यात काचतंतूची चटई नि रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, थरावर थर घालायचं, वाळलं की कडा कापायच्या. हे काम आमच्या ह्यांचं. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचं काम माझं, आणि ते मला झकास जमतं.

पण काचेच्या कुसळांनी ह्यांचे हात कोपरापर्यंत लालभडक झाले. खाजवून खाजवून रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. सोडा म्हणे! दुसरं काही येतंय का ह्यांना? तेव्हापासून माणूस मुकाच झाला. काही विचारा, नुसतं 'हं'. मला लई भीती वाटायची.

एकदा मोबाइलवर बघितलं, प्लास्टिकला बळकटी द्यायला काचतंतूऐवजी लोकरही चालते. आमच्याकडं लोकरीला काय तोटा? मेंढ्या कातरल्या की बांधावर पडून असते, कुणी फुकटही नेत न्हाय. दोन पोती आणली, धुऊन वाळत घातली आणि मी तुळजापूरला दारं पोचवायला गेले.

आले तर लोकर कशी कडकडीत! ह्यांनी थर घातले. दुसऱ्या दिवशी दार काढलं, तर त्याचे पापुद्रेच सुटले. रेझिन आत मुरलंच नव्हतं.

"आई, लोकरीला काय लावलंस?" ह्यांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंचं माहेर घोंगड्या विणणारं. त्या खुशीत म्हणाल्या, "चिंचोक्याची खळ! घोंगडीला देतो तशी. दार कडक पायजे म्हणलास न्हवं?"

अगं बाई! मी पोट धरून हसले. हे हसले न्हाईत. "राहू दे आता," म्हणून उठलेच. मग मात्र मी हट्टाला पेटले. उरलेली लोकर खळ निघेपर्यंत परत धुतली आणि वाळेपर्यंत राखण करत बसले.

या खेपेला दार एकसंध निघालं. रंग घोंगडीचा, वजन जास्त, आणि काचतंतूच्या दाराइतकं दणकट न्हाय, हे गिऱ्हाइकाला सांगावंच लागणार. ह्यांनी मास्क लावून कडा कापल्या. केस जळाल्यासारखा वास सुटला, भुगा ह्यांच्या हातांवर उडाला. मी आणि सासूबाई त्या हातांकडंच बघत उभ्या.

"अहो, खाजतंय का?"

"न्हाय."

चहा झाला. "आता?"

"न्हाय."

"खरं सांगा, जरासं तरी..."

"न्हाय म्हणलं ना! किती येळा सांगू? डोकं खाऊ नको!"

किती महिन्यांनी माझ्यावर ओरडले! मी पदर तोंडाला लावून शेडच्या मागं गेले आणि पोटभर रडून घेतलं.